लसिकाग्रंथींची सूज, लसीकरण आणि निदान : १८९६-९७ च्या प्लेगच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
लसीकरणानंतर काखेत गाठ येण्याचा प्रकार कोविड-१९ च्या लसीकरणकाळात, २०२१ मध्ये, विशेष चर्चेत आला. तथापि सुजलेल्या गाठीचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. प्रस्तुत लेखात प्लेगच्या इतिहासाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

गाठ आणि राज्यसत्ता :
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. जांघेतील वा काखेतील गाठ हे या रोगाचे ठळक लक्षण होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या जांघा व काखा चाचपल्या जाऊ लागल्या; पुण्यात गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या झाल्या. संशयित रुग्णालयात आणि त्याचे कुटुंबीय छावणीत, असा क्रम ठरला. स्त्रियांची परपुरुषांकडून होणारी तपासणी समाजाला असह्य वाटली. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झालेल्या हल्ल्यामागे हाच क्षोभ होता.

लक्षण आणि रोग :
वस्तुतः गाठ म्हणजे प्लेग नव्हे. गुप्तरोग, हत्तीरोग किंवा पायाची चिघळलेली जखम यांमुळेही जांघेत गाठ येते. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन यांनी गाठीतील द्रवातूनच प्लेगचा जंतू शोधला होता. म्हणजे निश्चित निदानाचा मार्ग ज्ञात होता. फलाटावर मात्र केवळ बोटांचा स्पर्श निर्णायक ठरला.

याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत हाफकिन यांनी मृत जंतूंपासून लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप आला, वेदना झाल्या. परंतु ती शरीराची प्रतिक्रिया होती, रोग नव्हे. लसीनंतर जवळच्या लसिकाग्रंथीत प्रतिकारपेशी वाढतात व ती सुजते, हे आज ज्ञात आहे. म्हणूनच लस कोणत्या दंडात व केव्हा घेतली, हे वैद्य प्रथम विचारतात. त्याच बाजूची गाठ बहुधा काही आठवड्यांत ओसरते. न ओसरल्यास सोनोग्राफी व आवश्यकतेनुसार ऊतीची तपासणी केली जाते.

समारोप :
१८९७ मध्ये गाठ चाचपली गेली, परंतु माणसाला काही विचारले गेले नाही. रुग्णाचे कथन हा निदानाचा पहिला पुरावा होय, हाच या इतिहासाचा बोध आहे.