रेडिओची खरखर आणि गेम कंट्रोलरचा ‘ड्रिफ्ट’

१/९
गेम कंट्रोलरच्या दांडीला कोणी हात लावलेला नसतानाही पडद्यावरील खेळाडू आपोआप चालू लागतो. या दोषाला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. तो नव्या पिढीचा वाटतो; परंतु परभणी जिल्ह्यातील आजोबांच्या रेडिओतही तो होताच. तेथे तो दिसत नसे, ऐकू येत असे. #थ्रेड

२/९
मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला आकाशवाणीचे परभणी केंद्र लागते. रेडिओ जुना झाला, की आवाजाचे बटन फिरवताना खरखर होई. बटनाखाली कार्बनचा पातळ पट्टा असतो व त्यावरून धातूची जीभ सरकते. वर्षानुवर्षे घासून पट्टा झिजतो, धूळ बसते आणि विजेचा प्रवाह अडखळतो.

३/९
या रचनेचे मूळ रेडिओहूनही जुने आहे. जर्मन शास्त्रज्ञ योहान पोगेनडॉर्फ याने १८४१ मध्ये विद्युतदाब मोजण्यासाठी ‘पोटेन्शिओमीटर’ची कल्पना मांडली. प्रयोगशाळेतील हे तत्त्व पुढे रेडिओच्या बटनात घरोघरी पोहोचले.

४/९
१९९७ मध्ये सोनीचा दोन दांड्यांचा ‘ड्युअलशॉक’ आला. अशा प्रत्येक दांडीखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात: एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. पट्टा झिजला, की दांडी मध्यावर असूनही आतील चिपला ती कललेली वाटते.

५/९
बिनतारी कंट्रोलर हा तर चिमुकला रेडिओ-प्रक्षेपकच होय. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये साधा रेडिओ बाळगण्यासही परवाना लागे. तो टपाल कार्यालयातून मिळे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे २००५ मध्ये परवानामुक्त झाली. कंट्रोलरचा ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतो.

६/९
रेडिओचे मागचे झाकण साध्या पेचकसाने निघे. कंट्रोलरचे स्क्रू अनेकदा लेबलाखाली दडलेले किंवा चांदणीच्या आकाराचे असतात. कडा आतल्या खाचांत अडकवलेल्या असतात. उघडताच प्रथम बॅटरीची जोडणी काढावी लागते. लिथियमच्या सेलला टोक लागून तो फुटल्यास आग लागू शकते. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत हाच धोका कपॅसिटरमध्ये साठलेल्या उच्च विद्युतदाबाचा असे.

७/९
पट्टा स्वच्छ केल्याने तात्पुरता आराम पडतो. झीज भरून निघत नाही. दांडीचा संपूर्ण भाग बदलायचा, तर नेहमीच्या रचनेत १४ ठिकाणचे सोल्डर काढावे लागते: दोन पोटेन्शिओमीटरचे ६, दाबण्याच्या बटनाचे ४ आणि सांगाड्याचे ४. उष्णता जास्त झाल्यास सर्किट बोर्डावरील तांब्याची रेघ उखडते. हात तोच लागतो, जो रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा होता.

८/९
न घासणारा पर्यायही जुनाच आहे. एडविन हॉल याने १८७९ मध्ये चुंबकीय क्षेत्राचा विद्युतप्रवाहावरील परिणाम शोधला. १९९८ मध्ये जपानमध्ये आलेल्या सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’ने कंट्रोलरच्या दांडीत हेच तत्त्व वापरले. चुंबक व संवेदक एकमेकांना स्पर्शच करत नाहीत, म्हणून तेथे झिजायला पट्टाच नसतो. तरीही त्यानंतरच्या बहुतेक कंट्रोलरांत कार्बनचा पट्टाच राहिला.

९/९
जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. त्या यादीत गेम कंट्रोलरचे नाव नाही. तथापि परभणीच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर असो वा त्याच्या मुलाचा कंट्रोलर, प्रश्न एकच आहे: सुटा भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळणार की नाही? ती मिळाली, तर बोटभर पट्ट्यापायी अख्खी वस्तू टाकावी लागणार नाही.