सिनॅगॉगांतील जमिनी : नक्षी आणि चित्र

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधील जुन्या घरांतून 'मोझेक' म्हणून जी फरशी ओळखली जाते, ती संगमरवराची खडी सिमेंटांत बसवून घांसलेली लादी होय. खरें मोझेक म्हणजे दगडाचे अथवा कांचेचे बारीक रंगीत तुकडे एकेक जुळवून काढलेलें चित्र. हा भेद आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, मुंबईंत काळा घोड्याजवळ केनेसेथ एलियाहू नांवाचें जें यहुदी प्रार्थनामंदिर आहे, त्याच्या जमिनीस आमच्या एका स्नेह्यानें मोझेक म्हटलें, आणि आम्हींही तें पुष्कळ दिवस खरें मानिलें.

हें मंदिर १८८४ सालीं जेकब ससून यांनीं आपले वडील एलियास यांच्या स्मरणार्थ बांधविलें. आजोबा डेव्हिड ससून बगदादेंतील जाचास कंटाळून बुशायरमार्गें १८३२ च्या सुमारास मुंबईस आले. कोंकणांतील बेने इस्राएल यांहून फार जुने. ते मराठी बोलत व आपल्या मंदिरास मशीद म्हणत. उलट ससूनांच्या पुण्यांतील मंदिरास पुणेकर लाल देऊळ म्हणतात. नांवें अशींच सोईनें पडतात. मोझेकाचेंही तेंच झालें.

वस्तुतः केनेसेथची जमीन इंग्लंडांतील स्टोक येथील मिंटन कारखान्याच्या लाद्यांची आहे. ओल्या मातींत सांच्यानें नक्षीचे खळगे पाडावयाचे, त्यांत दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतावयाची, मग लादी भाजावयाची. रंग वरवर लाविलेला नसून लादीच्या अंगांतच असतो. म्हणून पावलांनीं झिजली तरी नक्षी लवकर पुसत नाहीं. तुकडे जुळविण्याचा येथें संबंध नाहीं. मनुष्याची वा पशूची आकृति नाहीं, केवळ नक्षी. २०१९ सालीं या वास्तूचा जीर्णोद्धार पुरा झाला.

आकृति कां नाहीं, या प्रश्नास आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें एकच उत्तर देत आलों : मोशेच्या दहा आज्ञांत मूर्ति व प्रतिमा यांचा निषेध आहे. हें उत्तर अपुरें होतें, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

१९२८ च्या अखेरीस पॅलेस्टाइनांतील बेथ आल्फाजवळ पाण्याचा पाट खणतांना शेतकऱ्यांस एक रंगीत जमीन लागली. पुढल्या वर्षीं सुकेनिक या पंडितानें ती उकरून काढिली. सहाव्या शतकांतील सिनॅगॉगाची ती अस्सल मोझेकाची जमीन आहे. एका भागांत पुत्राचा बळी द्यावयास सिद्ध झालेला अब्राहाम. मध्यें राशिचक्र, आणि त्याच्या केंद्रीं चार घोड्यांच्या रथांत सूर्य! कोपऱ्यांत चार ऋतु आहेत, पण ते शेजारच्या राशींशीं जुळत नाहींत. ग्रीक लेखांत मारियानोस व त्याचा पुत्र हनीना या कारागिरांचीं नांवें आहेत. अरामी लेखांत सम्राट जस्टिनचा उल्लेख आहे.

त्याच शतकांत आपल्याकडे वराहमिहिर होऊन गेला. बृहज्जातकांत तो सिंहास लेय, तुलेस जूक, वृश्चिकास कौर्प्य, धनूस तौक्षिक म्हणतो. हे सारे ग्रीक शब्द संस्कृताचा वेष घेऊन आलेले. यवनांचें राशिचक्र उज्जयिनीस शब्दरूपानें पोंचलें, बेथ आल्फास चित्ररूपानें. तेथें राशींचीं नांवें मात्र हिब्रू लिहिलीं. संस्कृताच्या अभ्यासकास याचें नवल अधिक वाटतें, असो.

मग आज्ञेचें काय? लेवीय ग्रंथांत (२६ : १) कोरीव दगडापुढें नमन करूं नये असें वचन आहे. त्याच्या एका अरामी भाषांतरांत भाषांतरकारानें पुस्ती जोडिली आहे कीं, मंदिराच्या जमिनींत चित्रांची फरशी घालावयास हरकत नाहीं, तिला साष्टांग प्रणिपात मात्र करूं नये. म्हणजे निषेध पूजेचा, रेषेचा नव्हे. चित्र पायांखालीं आलें कीं त्याचें देवत्व जातें, असा हा न्याय दिसतो.

केनेसेथमधील नक्षीचें कारण म्हणूनच आज्ञेंत एकट्या शोधूं नये. बगदादचे यहुदी शतकानुशतकें मुसलमानांच्या शेजारीं राहिले, व तेथील मशिदींतही प्रतिमा नसे. शिवाय मिंटनच्या अशाच नक्षीच्या लाद्या त्या काळीं ख्रिस्ती चर्चांतूनही बसत. सवय आणि बाजार या दोहोंनीं मिळून ही जमीन ठरविली असावी, असें आम्हांस वाटतें.