स्क्रीन रीडर व मजकूरशोध

स्क्रीन रीडर व मजकूरशोध : संगणकाच्या किंवा स्मार्टफोनच्या पडद्यावरील मजकूर, बटणे व खुणा यांचे उच्चारित भाषेत किंवा ब्रेलमध्ये रूपांतर करून तो दृष्टिहीन व्यक्तीपर्यंत पोहोचविणाऱ्या आज्ञावलीस ‘स्क्रीन रीडर’ (पडदावाचक) म्हणतात. तिचे काम केवळ मोठ्याने वाचून दाखविण्याचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु वाचनाइतकीच महत्त्वाची दुसरी एक क्रिया आहे व ती म्हणजे हवा तो मजकूर नेमका शोधून काढणे. पूर्वी लिहून ठेवलेल्या टिपणांतून एखादे नाव, पत्ता, हिशेबाची रक्कम वा व्याख्यानातील मुद्दा दुसऱ्याच्या मदतीवाचून काढता येणे, ही दृष्टिहीनांच्या दृष्टीने अगदी अलीकडच्या काळात साध्य झालेली गोष्ट होय. तिचा इतिहास वाचनसाधनांच्या इतिहासाशी निगडित असला, तरी त्याहून काहीसा वेगळा आहे.

डोळस व्यक्ती छापील पानावर नजर टाकते तेव्हा शीर्षके, परिच्छेद, अधोरेखित शब्द हे सर्व तिला एकदमच दिसतात व नको असलेला भाग तिची दृष्टी ओलांडून जाते. कान आणि बोट यांना ही सोय नाही. ध्वनी कालक्रमाने ऐकू येतो आणि बोट ओळीवरून एकेका अक्षराने पुढे सरकते. त्यामुळे दृष्टिहीनांसाठी निघालेल्या प्रत्येक साधनापुढे, मजकूर पोहोचविता आला तरी त्यात वाट कशी काढावयाची, हा प्रश्न उभा राहिला.

ब्रेल आणि हस्तलिखित टिपणे : फ्रान्समधील लूई ब्रेल (१८०९–५२) यांनी सहा उठावदार टिंबांवर आधारलेली आपली लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली [→ ब्रेल लिपी]. ब्रेल स्वतः बालपणापासून अंध होते. या लिपीमुळे अंध व्यक्तीस स्वतः लिहिता आले आणि लिहिलेले स्वतःच वाचता आले. या दोन्ही गोष्टी एकत्र येणे महत्त्वाचे होते. इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री यांनी एका अंध उमराव स्त्रीसाठी तयार केलेल्या लेखनयंत्रावर लिहिलेली १८०८ पासूनची पत्रे उपलब्ध आहेत. परंतु अशा यंत्रावर वा पुढील काळातील टंकलेखनयंत्रावर अंध व्यक्तीने लिहिले, तरी कागदावर उमटलेला मजकूर तिला स्वतःला वाचता येत नसे. ती इतरांसाठी लिहू शके, स्वतःसाठी नव्हे.

ब्रेलमधील टिपणे ही खऱ्या अर्थाने लिहिणाऱ्याची स्वतःची होती, पण त्यांतून शोध घेणे कष्टाचे होते. ब्रेल पाटी व टोचणी यांच्या साहाय्याने लिहिताना टिंबे कागदाच्या पाठीमागे उठतात. त्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहावे लागते आणि वाचण्यासाठी कागद काढून उलटावा लागतो. ब्रेलचा कागद जाड व अक्षरे मोठी असल्याने मजकुराला जागाही फार लागते. छापील एका खंडाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात. विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या टिपणांचे गठ्ठेच्या गठ्ठे जमत आणि त्यांतील एखादे वाक्य हवे असल्यास कोणत्या गठ्ठ्यात कितव्या पानावर ते आहे, हे स्मरणात ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नसे. अंध विद्यार्थ्यांच्या स्मरणशक्तीची जी वाखाणणी होत आली, तिच्यामागे अशी गरजही होती. भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धती १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली, त्यामुळे मराठी विद्यार्थ्यांची लेखनाची सोय झाली. शोधाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

श्राव्य ग्रंथ : विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिका व ब्रिटन या देशांत ध्वनिमुद्रित ग्रंथ अंधांसाठी उपलब्ध होऊ लागले. पुढे तबकड्यांची जागा ध्वनिफितींनी घेतली आणि ध्वनिमुद्रक स्वस्त झाल्यावर विद्यार्थी वर्गातील व्याख्याने व स्वतःच्या आवाजातील टिपणे मुद्रित करू लागले. ब्रेल न येणाऱ्यांना, विशेषतः मोठेपणी दृष्टी गमावलेल्यांना, याचा मोठा लाभ झाला. पण फितीवरील विशिष्ट जागा शोधणे हे ब्रेलच्या गठ्ठ्यातून पान शोधण्याहूनही अवघड होते. फीत पुढे-मागे फिरवून अंदाजाने थांबावे, ऐकावे व पुन्हा फिरवावे लागे. यावर उपाय म्हणून प्रकरणाच्या वा पानाच्या आरंभी खालच्या पट्टीचा ध्वनी मुद्रित करण्याची युक्ती योजण्यात आली. फीत वेगाने फिरविली असता हा ध्वनी ‘पीप’ असा ऐकू येई व त्यांची संख्या मोजून इच्छित स्थळी पोहोचता येई. श्राव्य ग्रंथाला पाने, प्रकरणे व शीर्षके यांची रचना देणारी ‘डेझी’ ही अंकीय पद्धती स्वीडनमधील प्रयत्नांतून निर्माण झाली आणि १९९६ मध्ये तिच्या प्रसारासाठी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला.

वाचनयंत्रे : छापील मजकूर थेट वाचण्याचे प्रयत्नही याच सुमारास चालू होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन लिनव्हिल यांनी आपल्या अंध कन्येसाठी कल्पिलेले ‘ऑप्टॅकॉन’ हे उपकरण १९७१ मध्ये विक्रीस आले. त्यात लहानशा कॅमेऱ्याखालील अक्षराची आकृती कंप पावणाऱ्या पिनांच्या साहाय्याने बोटाखाली उमटे. रेमंड कर्झवाइल यांनी १९७६ मध्ये सादर केलेले वाचनयंत्र छापील अक्षरे ओळखून कृत्रिम आवाजात वाचून दाखवी. कागदावरील अक्षराचे यंत्राने हाताळण्याजोग्या संकेतांत रूपांतर करणे, ही त्यातील मूलभूत गोष्ट होती. अक्षर एकदा संकेतरूपात आले, की ते उच्चारता येते, ब्रेलमध्ये उमटविता येते आणि शोधताही येते.

संगणकावरील स्क्रीन रीडर : प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांचा पडदा अक्षरांच्या ओळींचा बनलेला असे व ती अक्षरे स्मृतीत जशीच्या तशी उपलब्ध असत. ती उचलून वाक्-संश्लेषकाकडे पाठविणे तुलनेने सोपे होते. आयबीएम कंपनीतील गणितज्ञ जिम थॅचर यांनी तयार केलेली ‘स्क्रीन रीडर’ ही आज्ञावली १९८६ च्या सुमारास उपलब्ध झाली आणि तिचेच नाव पुढे या प्रकारच्या सर्व आज्ञावल्यांना रूढ झाले. १९८७ मध्ये अमेरिकेत डीन ब्लेझी यांचे ‘ब्रेल अँड स्पीक’ हे हातात मावणारे टिपणयंत्र आले. ब्रेलच्या कळा दाबून त्यात लिहिता येई, ते लिहिलेले बोलून दाखवी आणि दिलेला शब्द साठविलेल्या टिपणात शोधून देई. टिपणवही व तिच्यातील शोध या दोन्ही गोष्टी अंध व्यक्तीच्या खिशात प्रथम आल्या त्या अशा यंत्रांमुळे. तथापि त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या.

चित्रमय पडद्यांचा प्रसार होताच नवी अडचण उद्भवली. आता पडद्यावर अक्षरे नसून अक्षरांची चित्रे होती. यासाठी पडद्यावर काय काढले जात आहे याची नोंद ठेवून त्याची अदृश्य प्रतिकृती स्मृतीत बाळगण्याचे तंत्र विकसित झाले. मॅकिंटॉश संगणकासाठी ‘आउटस्पोकन’ ही आज्ञावली १९८९ मध्ये आली. त्याच वर्षी अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर यांच्या कंपनीने ‘जॉज’ ही आज्ञावली प्रथम प्रसृत केली व १९९५ मध्ये तिची विंडोजसाठीची आवृत्ती काढली. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली विनामूल्य असल्याने भारतासारख्या देशांत विशेष उपयुक्त ठरली.

या इतिहासात पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांचे कार्य उल्लेखनीय आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी व मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९४ मध्ये डॉक्टरेट मिळविली. गणितीय व तांत्रिक लेखन श्राव्य स्वरूपात मांडणे, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. लांबलचक समीकरण सलग न ऐकता त्याच्या घटकांत हवे तसे फिरता यावे, ही त्यामागील दृष्टी होती. १९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ ही आज्ञावली प्रसृत केली. पडद्यावरील आकृतीचे वर्णन न करता मजकुराचा अर्थ व रचना आवाजाच्या चढउतारांतून व्यक्त करणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. शब्द शोधताना त्याची अक्षरे टंकित होत असतानाच जुळणारी ओळ तिच्यात ऐकू येते.

स्मार्टफोन : कळा असलेल्या भ्रमणध्वनींवर स्क्रीन रीडर विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर लवकरच आले होते व बोटांना कळांची जागा पाठ होत असे. स्पर्शपटलाचे फोन आले तेव्हा मात्र एकही उंचवटा नसलेली गुळगुळीत काच अंधांच्या हाती पडली आणि मिळविलेले स्वावलंबन गमावण्याची भीती निर्माण झाली. २००९ मध्ये या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले. ॲपल कंपनीने, आपल्या संगणकांत २००५ पासून असलेली ‘व्हॉइसओव्हर’ ही आज्ञावली जूनमध्ये आयफोन ३जीएसमध्ये अंतर्भूत केली. त्याच वर्षी अँड्रॉइड प्रणालीत ‘टॉकबॅक’ आली. गूगलमधील त्या प्रयत्नांत रामन व चार्ल्स चेन यांचा प्रमुख वाटा होता. स्क्रीन रीडर वेगळा विकत घ्यावा लागत नाही, तो फोनमध्ये मुळातच असतो, हा यातील मोठा सामाजिक बदल होय.

या पद्धतीत काचेवर बोट ठेवले असता त्याखाली काय आहे ते ऐकू येते, परंतु क्रिया घडत नाही. क्रिया घडविण्यासाठी दोनदा टिचकी मारावी लागते. बोट उजवीकडे झटकले की पुढील घटक व डावीकडे झटकले की मागील घटक वाचला जातो. अक्षर, शब्द, ओळ, शीर्षक यांपैकी कोणत्या टप्प्याने पुढे जावयाचे, हेही निवडता येते. टिपणे शोधताना प्रथम शोधचौकट गाठून शब्द टंकित करावा लागतो किंवा बोलून सांगावा लागतो. आयफोनवर २०१४ पासून व टॉकबॅकमध्ये २०२० पासून काचेवरच ब्रेलच्या सहा टिंबांनी लिहिण्याची सोय आहे. नंतर जुळणाऱ्या टिपणांची यादी एकेक करून ऐकली जाते. सरावलेली व्यक्ती नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट वा त्याहून अधिक वेगाने ऐकू शकत असल्याने यादी चाळणे हे जवळजवळ नजर फिरविण्यासारखेच होते.

खरी अडचण पुढे येते. टिपण उघडल्यावर सापडलेला शब्द अनेक ॲपांत केवळ पिवळ्या रंगाने दर्शविला जातो. हा रंग उच्चारला जात नाही व वाचन टिपणाच्या आरंभापासून सुरू होते. डोळस व्यक्तीचा शोध तेथे संपतो, तर अंध व्यक्तीचा तेथे पुन्हा सुरू होतो. म्हणून अनुभवी लोक टिपणे लहान ठेवतात, पहिल्या ओळीत विषय लिहितात आणि स्वतःच्या शोधासाठी एखादा विशिष्ट खूणशब्द योजतात. ब्रेलच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावण्याच्या जुन्या शिस्तीचेच हे नवे रूप होय.

मराठी मजकुराचे प्रश्न : मराठी टिपणांच्या शोधात काही खास अडचणी आहेत. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला, तरी त्यानंतरही दीर्घकाळ पुष्कळसे मराठी लेखन विशिष्ट टंकांच्या खाजगी संकेतांत होत राहिले. असा मजकूर पडद्यावर मराठी दिसे, परंतु स्मृतीत त्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक मालिका असे. स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवी आणि मराठी शब्दाचा शोध निष्फळ ठरे. अशा रीतीने साठविलेले लेखन डोळसांसाठी वाचनीय, तर अंधांसाठी बंद राहिले.

युनिकोडमध्येही एकच ध्वनी अनेक प्रकारे लिहिता येतो. ‘ॲ’ या स्वरासाठी २००८ मध्ये स्वतंत्र संकेत देण्यात आला. त्याखेरीज ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही तो लिहिता येतो आणि हिंदी कळफलकावरील ‘ऍ’ हे अक्षरही वापरले जाते. ऐकताना यांतील भेद सहसा कळत नाही, पण शोधयंत्रणेच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरे ठरू शकतात. ‘कवि’ व ‘कवी’ यांसारख्या ऱ्हस्वदीर्घाच्या भेदांचेही तसेच आहे. केवळ कानाने भाषा शिकलेल्या व्यक्तीस शब्द का सापडत नाही हे अक्षर-अक्षर ऐकूनच ताडावे लागते. शिवाय मराठीत नाम विभक्तिप्रत्ययापूर्वी रूप बदलते. ‘पाणी’ शोधल्यास ‘पाण्याचा’ किंवा ‘पाण्यात’ हे शब्द सापडत नाहीत. त्यासाठी शब्दाचा न बदलणारा आरंभ तेवढा टंकित करणे सोयीचे पडते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रासारख्या संस्था दृष्टिहीनांना अशा साधनांचे प्रशिक्षण देतात.

महत्त्व : भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती व दळणवळण यांची सुगम्यता हा हक्काचा विषय मानला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंकीय सेवांचा लाभ घेता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला. टिपणांच्या शोधासारखी बाब या मोठ्या हक्कांपुढे क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु बँकेच्या नोंदी, औषधाची मात्रा, घरगुती हिशेब वा खाजगी मनोगत दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागणे म्हणजे ते दुसऱ्यास कळू देणे होय. ब्रेलने अंध व्यक्तीस स्वतःचे लेखन दिले, ध्वनिमुद्रणाने विपुल वाचन दिले आणि संकेतरूप मजकुराने व स्क्रीन रीडरने त्या लेखनात स्वतःची वाट स्वतः काढण्याची शक्ती दिली. ती शक्ती प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडते, हे ॲप घडविणाऱ्याने सापडलेल्या शब्दाला केवळ रंग दिला की आवाजही दिला, यासारख्या लहानशा निर्णयांवर अवलंबून आहे.