लसूणघासाच्या मुळाशी: जनुक-नियमनाच्या शोधाची वाटचाल

शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठी माल्पिगी यांनी सतराव्या शतकातच चितारल्या होत्या. परंतु त्या पोषणाच्या खुणा आहेत हे ठरायला १८८६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बर्लिनच्या संमेलनात हेर्मान हेलरीगेल यांनी दाखवून दिले की, नत्ररहित निर्जंतुक वाळूत खुरटलेला वाटाणा मातीचा थोडासा अर्क मिळताच गाठी धरतो आणि हवेतील नत्रावर पोसला जातो. दोन वर्षांनी बायेरिंक यांनी हॉलंडमध्ये गाठीतील जिवाणू वेगळा करून वाढवला. मात्र हा जिवाणू यजमान मूळ नेमके कसे ओळखतो आणि नत्र स्थिर करण्याची वेळ कशी साधतो, हे कोडे तसेच राहिले; या विषयाचा खरा इतिहास त्या कोड्याचाच आहे.

उत्तर जनुकांच्या नियमनात, म्हणजे कोणते जनुक केव्हा जागे व्हावे हे ठरवणाऱ्या व्यवस्थेत दडलेले होते. हेलरीगेल यांच्या निवेदनानंतर शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, स्टॅनफर्डच्या शॅरन लाँग यांच्या गटाने लसूणघासाच्या बियांतून पाझरणारे ल्युटिओलिन हे द्रव्य ओळखले. ते लाभले की जिवाणूतील नॉड-डी हे प्रथिन गाठ घडवणारी जनुके कार्यान्वित करते. त्या जनुकांच्या आधारे तयार होणाऱ्या, शर्करासाखळीला मेदाम्ल जोडलेल्या संकेतरेणूची रचना १९९० मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे उलगडली. पहिली हाक वनस्पतीची आणि प्रतिसाद जिवाणूचा, हा क्रम त्यामुळे स्पष्ट झाला.

दुसरे नियंत्रण प्राणवायूचे आहे. नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते, तर जिवाणूला श्वसनासाठी तोच वायू लागतो. म्हणून वनस्पतीचे लेगहिमोग्लोबिन तो बांधून जपून पुरवते, आणि कार्यक्षम गाठ आतून गुलाबी दिसते ती त्याच्यामुळेच. १९९१ मध्ये असे दिसून आले की, जिवाणूचे फिक्स-एल हे संवेदक प्रथिनही लेगहिमोग्लोबिनप्रमाणे हीम हाच लोहयुक्त घटक वापरते: प्राणवायू घटला की ते फिक्स-जे या प्रथिनाला फॉस्फेट देते, त्यातून निफ-ए हे नियामक जनुक सक्रिय होते आणि नायट्रोजिनेजची जनुके कामाला लागतात. एकाच घटकाचा हा दुहेरी उपयोग या साऱ्या शोधांतील सर्वांत विलक्षण भाग म्हटला पाहिजे.

२००१ मध्ये लसूणघासाच्या गाठीतील जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा ही बहुतेक जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून सुमारे साडेतेरा लाख बेस-जोड्यांच्या वेगळ्या डीएनए-वलयावर असल्याचे तपशीलवार नोंदले गेले. हे वलय गमावलेला जिवाणू जगतो, वाढतो, पण लसूणघासाला त्याच्यापासून गाठ मिळत नाही.