संगणकजालातील स्विचांचा राखीव वीजपुरवठा : एक ऐतिहासिक विचार

संगणकजालातील मोठ्या स्विचांना दोन वीजपुरवठा-संच बसविण्याची पद्धत आज रूढ आहे. एक संच निकामी झाल्यास दुसऱ्याने सर्व भार उचलावा, हा तिचा हेतू होय. तथापि ही कल्पना संगणकयुगाची निर्मिती नव्हे. तिचे मूळ दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांच्या खोलीत सापडते.

आरंभी प्रत्येक ग्राहकाच्या दूरध्वनियंत्रास स्वतंत्र विद्युत्घट असे. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत मध्यवर्ती बॅटरीची पद्धत सुरू झाली आणि ग्राहकाच्या तारेवरील प्रवाह केंद्रातूनच येऊ लागला. पुढे त्यासाठी ४८ व्होल्टचा एकदिश दाब अनेक ठिकाणी रूढ झाला. या रचनेत बॅटरी संकटकाळी जोडावयाची वस्तू नव्हती. रेक्टिफायर आणि यंत्रे यांच्याशी ती अखंड जोडलेली असे. यास्तव बाहेरची वीज गेली तरी प्रवाहात क्षणाचाही खंड पडत नसे. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडाच्या काही प्रदेशात सुमारे ३ कोटी लोक अंधारात सापडले. दूरध्वनी मात्र चालू राहिले.

याच परंपरेची मर्यादा १७ सप्टेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कमधील टॉमस स्ट्रीटवरील ए. टी. अँड टी. कंपनीच्या केंद्रात उघड झाली. उन्हाळ्यामुळे शहरातील विजेची मागणी वाढली होती. म्हणून वीज कंपनीशी झालेल्या करारानुसार केंद्राने आपली जनित्रे सुरू केली. त्या वेळी रेक्टिफायर बंद पडले आणि सर्व भार बॅटऱ्यांवर आला. धोक्याच्या सूचना सुमारे सहा तास कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. संबंधित तंत्रज्ञ प्रशिक्षणवर्गात होते. बॅटऱ्या संपताच केंद्रातील स्विच थांबले, लक्षावधी दूरध्वनी अडले आणि शहराच्या तिन्ही प्रमुख विमानतळांवरील वाहतूक विस्कळीत झाली. शहराची वीज, जनित्रे व बॅटऱ्या असे तीन आधार असूनही पहिल्या दोहोंची वाट एकाच रेक्टिफायर-व्यवस्थेतून जात होती, हे येथे ध्यानात घेणे अवश्य आहे.

संगणकजालाचे स्विच मात्र कार्यालयीन उपकरणांच्या वंशातले. भिंतीतील प्रत्यावर्ती प्रवाहावर एकाच संचाने ते चालत. दुहेरी संच पुढे आले. पण दोन्ही संच एकाच सर्किटला जोडले, तर संचातील बिघाड टळतो, वीज जाण्याचा धोका टळत नाही. तसेच एकूण भार एका संचाच्या क्षमतेहून अधिक झाला, तर दुसरा संच राखीव उरतच नाही. २००३ साली ८०२.३एएफ या मानकाने इथरनेटच्या तारेतूनच वीज देण्याची रीत निश्चित केली. तिचा नाममात्र दाबही ४८ व्होल्टच आहे. अशा रीतीने मध्यवर्ती बॅटरीचे तत्त्व पुन्हा अवतरले आणि त्याबरोबर जुनी जबाबदारीही आली. कारण आता स्विच थांबला की त्यावर पोसलेले टेबलावरचे दूरध्वनीही थांबतात.

या इतिहासावरून असे दिसून येते की, आधारांची संख्या वाढविल्याने सुरक्षितता आपोआप वाढत नाही. त्यांच्या वाटा स्वतंत्र असाव्या लागतात आणि त्यांवर कोणाचे तरी लक्ष असावे लागते. मराठीत ‘राखणे’ या धातूचे शिल्लक ठेवणे व रक्षण करणे असे दोन्ही अर्थ आहेत. ‘राखीव’ वीजपुरवठ्याच्या संदर्भात त्यांपैकी दुसरा अर्थ विसरून चालत नाही.