गूळ, चिंच, मिरची आणि टकीला

शेताच्या बांधावर कुंपण म्हणून लावलेले घायपात कोल्हापूरकरांना नवे नाही. काही भागांत त्याला केकताड म्हणतात. जाड, मांसल, टोकाला काटा असलेली त्याची पाने कुजवून वाख काढावा आणि त्याचे दोर वळावेत, एवढाच त्याचा आपल्याकडील परंपरागत उपयोग. या घायपाताच्याच कुळातील निळसर पानांच्या एका जातीपासून मेक्सिकोमध्ये टकीला तयार होते. झाड पक्व होण्यास साधारणपणे ६ ते ८ वर्षे लागतात. मग पाने छाटून मधला अननसासारखा दिसणारा गड्डा भाजतात, त्याचा गोड रस आंबवतात आणि तो ऊर्ध्वपातित करतात. अनेकांची समजूत असते तसे हे निवडुंगाचे मद्य मात्र नव्हे.

टकीला हे नाव हालिस्को प्रांतात आणि मेक्सिकोतील अन्य चार प्रांतांच्या ठरावीक भागांत बनलेल्या मद्यालाच लावता येते. आपल्या दख्खनच्या पठारावरील घायपातापासूनही मद्य बनते. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात तयार होणारे असे एक मद्य २०११ साली गोव्याच्या बाजारात आले. परंतु त्याला टकीला म्हणता येत नाही. खरेदी करताना बाटलीवर ‘१०० टक्के अगावे’ असा उल्लेख आहे का, ते पाहावे. तो नसल्यास नियमानुसार किमान ५१ टक्के साखर घायपाताची असते आणि उरलेली इतर ठिकाणची, बहुधा उसाची. उसाच्या जिल्ह्यात बसून मेक्सिकन मद्याच्या भावात उसाचेच मद्य विकत घेण्यात शहाणपण नाही.

गोड आणि तिखट यांची सांगड हा मेक्सिकन चवीचा गाभा आहे. तिथे चिंचेच्या गोळ्यांवर तिखट-मीठ लावून मुले खातात आणि उसाच्या रसापासून गुळासारखीच ढेप बनते. मिरचीही मूळची तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्यामुळे चिंच, गूळ आणि मिरची या आमटीच्या त्रिकुटात टकीला घालणे वाटते तितके आगंतुक नाही.

गूळ कोल्हापुरीच घ्यावा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठीच. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. मात्र पिवळाधमक, देखणा गूळ या कामी नको. रंग उजळण्यासाठी त्यात रसायने वापरलेली असू शकतात आणि चवीतही तो फिका पडतो. तांबूस-काळसर गुळाला जो खमंग, किंचित खारट वास असतो, तोच टकीलाला शोभतो. १०० ग्रॅम गूळ १०० मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर विरघळवून गाळून घ्यावा. पाक एकतारी होऊ देऊ नये. थंड झाल्यावर तो पेल्याच्या तळाशी बसतो.

मिरचीची निवड हा खरा कळीचा मुद्दा. ब्याडगीला रंग आहे, तिखटपणा बेताचा. लवंगी जाळून काढते. संकेश्वरी मधली, वासाची आणि पुरेशी तिखट. म्हणून तीच योग्य. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात जवळपास विरघळत नाही, मद्यार्कात मात्र सहज विरघळते. त्यामुळे मिरची थेट टकीलातच भिजवावी. १८० मिलिलिटर टकीलात बिया काढलेल्या २ सुक्या मिरच्या मोडून घालाव्यात आणि दोन तासांनी थेंबभर चाखून पाहावी. जिभेला पुरेसे तिखट लागताच गाळावे. रात्रभर विसरलेल्या बाटलीला उपाय एकच, तिच्यात आणखी टकीला ओतणे. तो स्वस्त नाही.

२५ ग्रॅम चिंच १२० मिलिलिटर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून दाट कोळ काढावा. एका पेल्यासाठी तिखट टकीला ४५ मिलिलिटर, कोळ ३०, गुळाचा पाक २५, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घ्यावे. शेकर नसला तरी अडत नाही. प्रवासातला फिरकीचा तांब्या त्याचे काम उत्तम करतो. त्यात भरपूर बर्फासह सारे घालून १५ सेकंद जोरात हलवावे. पेल्याच्या कडेला लिंबाची फोड फिरवून ती मीठ व संकेश्वरीच्या तिखटात बुडवावी आणि त्यात पेय गाळावे. कांदा-लसूण मसाला कडेला लावण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, लसणाचा वास सगळ्यावर मात करतो.

एक इशारा आवश्यक आहे. गूळ-चिंचेच्या चवीआड मद्याची धार लपते आणि दुसरा पेला कधी संपला ते कळत नाही. ४० टक्के तीव्रतेच्या ४५ मिलिलिटर टकीलात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि सडपातळ व्यक्ती एका पेल्यातही ती ओलांडू शकते. बांधावरच्या घायपातापासून घरी मद्य गाळण्याचा उद्योग तर मुळीच करू नये; तो गुन्हा आहे, शिवाय कच्च्या पानांच्या रसाने कातडीची आग होते. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची असून मद्यसेवनाचा परवानाही लागतो.

न पिणाऱ्या पाहुण्यांसाठी हेच मिश्रण टकीला वगळून, आल्याचा रस आणि सोडा घालून करावे. चिंच-गुळाचे हे पन्हे काहींना मूळ पेयापेक्षा अधिक आवडते. सोबत भाजलेले शेंगदाणे पुरेत; तांबडा रस्सा जेवणासाठी राखून ठेवावा. उरलेला गुळाचा पाक शीतकपाटात आठवडाभर टिकतो. तिखट टकीलाच्या बाटलीवर मात्र ठळक चिठ्ठी चिकटवून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.