पंचनाम्याच्या आधी

हळदीला पाणी सोडून आखाड्यावर बसलोय. आज पिकाऐवजी थोडा इतिहास लिहितो.

नोव्हेंबर २०२३ आठवतो ना? त्या खरिपात पावसानं खंड दिला, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. मग आपल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडायला किडनी, लिव्हर, डोळे विकायला काढले आणि तसं मुख्यमंत्र्यांना कळवलं. पार मुंबईपर्यंत गाजलं. काहींना तो स्टंट वाटला. मला नाही वाटला. आता झेपत नाही, हे माणसं जिवंतपणी आणि चारचौघांत सांगत होती. असं सांगणाऱ्यासाठी आपल्या कागदांत रकानाच नाही. असतो तो मेल्यानंतरचा.

१९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची बायको आणि लेकरं गेली. महाराष्ट्रातली ही पहिली नोंदलेली शेतकरी आत्महत्या मानतात. २०१७ पासून त्या दिवशी कितीतरी शेतकरी अन्नत्याग करतात. सरकारनं २००५-०६ पासून वारसांना एक लाखाची मदत सुरू केली. पण आधी पंचनामा, मग चौकशी: सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं का परवानाधारक सावकाराचं? त्यावरून पात्र किंवा अपात्र. जी बाई आयुष्यभर राबली पण सातबाऱ्यावर आली नाही, तिच्या घरच्यांनी काय करायचं? मदत पाहिजेच, वाढवलीही पाहिजे. पण ती माणूस गेल्यावर येते.

आणि जो वाचला त्याचं? इंग्रजांनी १८६० ला केलेल्या दंड संहितेत कलम ३०९ होतं. प्रयत्न करून वाचलेल्याला एक वर्षापर्यंत कैद. म्हणून घरचे दवाखान्यातसुद्धा खरं सांगायला भ्यायचे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, शिक्षा नाही, उपचार द्यायचे, असं त्यानं ठरवलं. जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ते जुनं कलम राहिलंच नाही. गावात हे किती जणांना माहीत आहे? आमच्या पारावर मी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना.

जिवंतपणी विचारपूस केली तर फरक पडतो का? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. जीव द्यावासा वाटणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. कृषीवाले विचारतील, शेजारी कंट्रोल प्लॉट होता का? नव्हता. तरी आकडा सोडून देण्यासारखा नाही. आपल्याकडं 'प्रेरणा' प्रकल्प आला, त्यात हिंगोलीही आहे, आणि आशाताई घरी येऊन विचारतात. त्यांना 'सगळं बरंय' म्हणून वाटेला लावू नका.

कृषीवाल्यांसाठी अजून एक. श्रीलंकेनं जास्त विषारी कीडनाशकं एकेक करून बंद केली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या साधारण ७० टक्क्यांनी घटल्या. वाईट घडी बऱ्याचदा थोडा वेळ असते, ती टळली की माणूस वाचतो. म्हणून फवारणीपुरतंच औषध आणा, उरलेलं घरात साठवू नका.

आणि विचारल्यानं डोक्यात विचार येतो, हे खोटं आहे. मागच्या हंगामात आमचा एक दोस्त गप्प गप्प राहायला लागला. वावरात येईना, फोन उचलेना. या आखाड्यावरच मी त्याला सरळ विचारलं, 'मरावंसं वाटतंय का रे?' बराच वेळ बोलला नाही. मग बोलला ते रात्री दोनपर्यंत. मी कर्जावर सल्ला दिला नाही, ऐकलं. त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही. तिथूनच १४४१६ लावला. टेली-मानस, सरकारचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. सकाळी दोघं मोटरसायकलवर हिंगोलीला डॉक्टरांकडं गेलो. कर्ज अजून आहे. गोळ्या चालू आहेत.

काल त्याचाच फोन आला, हरभऱ्यात घाटेअळी दिसतेय, बघायला ये म्हणाला. पाणी झालं की निघतो.